स्टेजवरून कबड्डी दिसत नाही

बोर्ली पंचतन,
मंगळवार, दुपार (गिरणी बंद ठेवून)

तीर्थरूप रंगूबाई यांस,

(तू माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी, म्हणून तीर्थरूप. बाकी तुझ्यात तीर्थासारखं काही नाही हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.) सगुणाचा बसल्या जागेवरून नमस्कार. उभ्यानं नमस्कार मी जन्मात कुणाला केलेला नाही, तेव्हा राग मानू नये. इकडे मी खुशाल आहे, गिरणी खुशाल आहे, लग्नसराई जवळ आल्यामुळे मिरच्यांची पोती दारात येऊन पडली आहेत आणि माझ्या शिंका शेजाऱ्यांच्या पाठ झाल्या आहेत. तुझ्या पायाची जखम पूर्ण भरली का? साखर तपासतेस की अजून अंदाजानंच चहा पितेस? नव्या व्हीलचेअरचं डावं चाक कुरकुरतं असं कळलं. त्यात खोबरेल तेल घालू नकोस, मुंग्या लागतात. शिवणयंत्राचं तेल घाल. आणि त्या खुर्चीवर तू वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवतेस असंही कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस. माझं आयुष्य लहानपणापासून या खुर्चीवर गेलं आणि तुझी दिवाळीपासून सुरुवात झाली, म्हणजे या बाबतीत मी तुझी सासू लागते. कपडे काढ.

आता मुद्द्याचं. फोनवर का सांगितलं नाही, तर फोनवर तू आधी रडतेस, मग भांडतेस आणि शेवटी रेंज गेली म्हणून ठेवून देतेस. कागदाची रेंज जात नाही. तुझी कल्पिता संघाची कप्तान झाली, आमच्या गावात महिलांची मोठी कबड्डी स्पर्धा भरली, आणि तिची सख्खी आई खाडीपलीकडे आगरदांड्याला दार लोटून बसलेली, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. पत्रिकेवर ठळक अक्षरांत 'दिव्यांग प्रेक्षकांसाठी विशेष सोय' असं छापलेलं मी तुला सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालीस ते तुला आठवत असेलच. "आधी तू जा. बघ. नि खरं खरं कळव. सोय बरी असंल तर शेवटच्या मॅचला येन, न्हाय तर पुन्हा माझ्याम्होरं नाव काढू नको." तर मी गेले, बघितलं, आणि आता खरं खरं कळवते. एक अक्षर खोटं लिहिणार नाही, कारण तू खोटं पकडतेस आणि मग वर्षभर ऐकवतेस.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष गणराजभाऊ. माणूस लाख मोलाचा. कुणाच्याही लग्नात आपल्याच घरचं असल्यासारखा वाढायला उभा राहतो आणि पानात नको नको म्हटलं तरी जिलेबी टाकतो. त्यांचा पुतण्या दीपेश नोकरीनिमित्त मुंबईकडे असतो. तिथं एका मोठ्या स्टेडियमात तो मॅच बघायला गेला होता, तर तिथं म्हणे व्हीलचेअरवाल्यांना वेगळी जागा, चढायला रॅम्प, रुंद दाराचं शौचालय, ज्यांना दिसत नाही त्यांच्या कानात हलक्या आवाजात समालोचन, असा सगळा थाट. ते बघून पोरगा भारावला. गावी येऊन काकांना म्हणाला, आपणही करायचं. काका म्हणाले, आपण त्यांच्याहून जोरात करू. रंगू, सगळा घोटाळा या 'जोरात' शब्दात आहे.

म्हणजे बघ. आपल्याकडे एखाद्याला मान द्यायचा तर काय करतात? स्टेजवर बसवतात. दुसरी तऱ्हाच माहीत नाही. लग्नात व्याही स्टेजवर, शाळेत पाहुणे स्टेजवर, गावात कुणी साप पकडला तरी त्याला स्टेजवर. तेव्हा विशेष सोय म्हणजे विशेष मान, आणि विशेष मान म्हणजे स्टेज, हे मंडळानं एकाच बैठकीत चहा यायच्या आत ठरवून टाकलं. रॅम्प केला तो स्टेजवर जायला. आणि काय रॅम्प केला! जाड फळ्या, वर लाल गालिचा, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, पायथ्याशी रांगोळी. मी सकाळी खुर्ची ढकलत पोचले आणि बघतच राहिले. आयुष्यभर पायऱ्या बघितलेल्या बाईसाठी कुणी एवढा शृंगार केला म्हणून माझे डोळेच भरून आले. डोळे पुसून पुढं गेले तर आडवी लाल फीत.

फीत पाहुण्यांनी कापायची होती. पाहुणे दुसरीकडे एका दुकानाचं उद्घाटन करत होते, तिथून निघाले होते, दिघीपर्यंत आले होते, दिघीत चहाला थांबले होते, असं माइकवरून अधूनमधून कळत होतं. (पाहुण्यांचा प्रवास या स्पर्धेत कबड्डीपेक्षा जास्त सविस्तर सांगितला गेला.) तोवर त्या रॅम्पवर चाक घालायचं नाही. रांगोळी मोडेल. मी म्हटलं, बाबा, मी रांगोळीच्या कडेकडेनं जाते. तर दीपेश अगदी रडवेला होऊन म्हणाला, ताई, उद्घाटनाआधी वापरला तर काकांना काय सांगू? शेवटी चौघा तगड्या माणसांनी मला खुर्चीसकट उचललं आणि रॅम्पच्या शेजारच्या पायऱ्यांवरून वर नेलं. चौघांचे चार वेगळे विचार होते, त्यामुळे माझी स्वारी पहिल्यांदा उगवतीकडे कलली, मग मावळतीकडे. ताशावाल्याला वाटलं कुणीतरी मोठं येतंय, त्यानं वाजवायला घेतलं. मीही मग हात हलवून घेतला. पाहुणे आले ते उन्हं डोक्यावर आल्यावर. त्यांनी फीत कापली, दोन्ही पायांनी ताडताड रॅम्प चढून वर आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेजवर माझ्या शेजारी तळा गावाहून आलेले दादू होते. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्यांनी पूर्ण अंध, कबड्डीचं वेड असं की स्पर्धा कुठंही असो, हे एसटीनं हजर. आमच्या मागे आणखी दोघं होते, पण ते जेवण झाल्यावर झोपले, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. आता स्टेजवरून काय दिसतं ते सांगते. पुढं टेबल. टेबलावर चषक. आमच्याकडचे चषक तुला माहीत आहेत, पहिल्या क्रमांकाचा तर शाळकरी पोराएवढा उंच असतो. चषकांच्या मागं सोफे, सोफ्यावर पाहुणे, पाहुण्यांच्या मागं पाहुण्यांची माणसं, आणि त्या सगळ्यांच्या मागं आम्ही, सन्माननीय. चढाई रंगात आली की पाहुणे उभे राहायचे, पाहुणे उभे राहिले की त्यांची माणसं उभी राहायची, आणि मला दिसायच्या पांढऱ्या सदऱ्यांच्या पाठी. जरा बसले की मोठ्या चषकाच्या कानातून मॅटचा निळा तुकडा दिसायचा. त्या तुकड्यात कधी एखादी टाच यायची, कधी वेणी. एकदा एक कुत्रं आलं, ते मात्र पूर्ण दिसलं.

दादूंच्या कानात समालोचन यायचं होतं. दीपेशनं त्यांच्या कानात एक छोटा फोन अडकवलाही होता. पण समालोचन करणारा एकच, आणि त्याच्याकडे मान्यवरांची नावं एवढी, की दादूंना सकाळभर फक्त कोण आलं, कोण निघालं आणि कुणाच्या गाडीमुळे कुणाची गाडी अडकली हेच ऐकू येत होतं. त्यांनी तो काढून खिशात टाकला आणि नुसते कान लावून बसले. आणि रंगू, तुला खोटं वाटेल, पण त्यानंतरची मॅच मला दादूंनी सांगितली. "आता चढाई लांबली. पोरगी दमली हाय, दम तुटतोय तिचा. हां, बोनस घेतला. आता मागं फिरली, न्हाय, न्हाय, फिरली न्हाय, फसवलंन." मी डोळस बाई चषकाच्या कानात डोळा घालून बसले होते आणि शेजारी दादू मला सांगत होते. मधेच त्यांनी विचारलं, पोरींच्या बनियनचा रंग कुठला? मी म्हटलं, दादू, देवाशपथ, मलाही दिसत नाही. त्यावर आम्ही दोघं इतके हसलो की पुढचे पाहुणे वळून बघायला लागले.

आता सत्कार. दर थोड्या वेळानं नवा मान्यवर यायचा आणि त्याच्या हस्ते कुणाचा तरी सत्कार व्हायलाच हवा. आम्ही आयतेच बसलेलो. पहिल्या सत्काराला मला गहिवरून आलं. दुसऱ्याला बरं वाटलं. तिसऱ्याला उकडायला लागलं. शाल, नारळ, गुलाब; शाल, नारळ, गुलाब. शाली कमी पडल्या तेव्हा दीपेश मागून हळूच येऊन आमच्या अंगावरची शाल काढून पुढच्या मान्यवराच्या हातात द्यायचा आणि ते तीच पुन्हा आमच्या अंगावर घालायचे. दादूंनी कापड चाचपून मला सांगितलं, "ही सकालचीच गो. कोपरा उसवलाय तिचा." नारळ मात्र परत न्यायची पद्धत नाही. ते मांडीवर साचत गेले. शेवटी माझ्या मांडीवर एवढे नारळ झाले की चाकापर्यंत हात पोचेना. रॅम्प असलेली, गालिचा असलेली, सन्मान झालेली बाई मी, आणि जागेवरून हलता येईना.

आणि नेमकं तेव्हाच हलायची वेळ आली. (पुढचं कुणाला वाचून दाखवू नकोस.) शौचालय मंडळानं खरोखर देखणं बांधलंय. रुंद दार, आत धरायला दांडे, पांढऱ्याशुभ्र फरश्या. इतकं देखणं की कुणी घाण करू नये म्हणून कुलूप. दीपेशला म्हटलं चावी आण. चावी काकांकडे. काका पाहुण्यांना निरोप द्यायला रस्त्यापर्यंत गेलेले. पोरगा मदतीला धावणारा, पण डोकं कमी धावतं. गेला तो थेट समालोचकाकडे. आणि अख्ख्या मैदानाला, चारी बाजूंच्या कर्ण्यांतून, खणखणीत आवाजात ऐकू आलं की अध्यक्ष गणराजभाऊ जिथं असतील तिथून त्यांनी दिव्यांग शौचालयाची चावी घेऊन तातडीनं यावं, आपल्या गावच्या ज्येष्ठ क्रीडाप्रेमी सगुणाताई यांना जायचं आहे. तातडीनं! चढाई करणारी पोरगी मॅटवर क्षणभर थांबली. गणराजभाऊ रस्त्यावरून पळत आले, त्यांच्या मागं पाहुण्यांचे दोन कार्यकर्तेही पळत आले, काय झालं ते न कळताच. (चौघांनी जाता-येता पायऱ्यांवरूनच उचललं, रॅम्पवर मान्यवरांची वर्दळ होती; नारळ तेवढ्यापुरते दादूंकडे.) मी आत गेले, आणि बाहेर आले तर ताशावाल्यानं सवयीनं वाजवलं. गाव हसलं, मीही हसले. करणार काय! मे महिन्यात सगळ्यांना मसाला कांडपाला माझ्याच दारात यायचंय, तेव्हा बघून घेईन.

इथवर मी हसत होते. दुपार कलल्यावर कल्पिताचा उपांत्य सामना पुकारला आणि माझं हसू गेलं. कारण मी ज्या कामासाठी आले होते ते हेच. तुझी पोर मॅटवर आली असावी. असावी म्हणते, कारण शिट्ट्या झाल्या, "कल्पिता, कल्पिता" असा ओरडा झाला, पाहुणे उठले, सदरे उठले, आणि मला दिसला तो चषकाचा कान. दादू सांगत होते, डाव्या कोपऱ्यात कुणीतरी पाय रोवून उभी हाय, भारी पोरगी हाय. आणि ती भारी पोरगी मी पाळण्यात बघितलेली, तिची पहिली पावलं माझ्या गिरणीच्या ओट्यावर पडलेली, आणि आज ती माझ्यापासून वीस पावलांवर खेळतेय आणि मी तुला जाऊन सांगायचं काय? की नारळ चांगले होते? रंगू, मला असा संताप आला की अंगावरच्या शालीसुद्धा तापल्या. आणि त्याच वेळी आणखी एक मान्यवर आले. शाल, नारळ, गुलाब. आणि या खेपेला वर माइकही हातात दिला, की ताईंनी दोन शब्द बोलावेत.

मी दोनच शब्द बोलले. "खाली उतरवा."

मग म्हटलं, भाऊ, मला स्टेजवरून कबड्डी दिसत नाही, माझी पोर खेळतेय, मला तिच्याजवळ न्या. गणराजभाऊंचा चेहरा एवढासा झाला. भरल्या पानावरून पाहुणा उठला की घरच्या माणसाचं जे होतं ते झालं त्यांचं. जवळ येऊन हात जोडून विचारतात, "सगुणाताय, काय चुकलं आमचं? शाल हलकी निघाली का?" मला रागही येईना आणि रडूही आवरेना. त्यांना कसं सांगायचं, की मला जन्मभर लोकांनी कडेला बसवलं आणि तुम्ही सगळ्यांत वर बसवलंत, पण मॅच दोन्हीकडून दिसली नाही ती नाहीच. म्हटलं, भाऊ, जरा इथं वाका. माझ्या डोक्याएवढे व्हा आणि बघा. ते बिचारे गुडघ्यावर बसले, माझ्या खांद्याला खांदा लावून त्यांनी पुढं बघितलं. चषकाचा कान बघितला. सदरे बघितले. मान इकडं केली, तिकडं केली. आणि मोठ्यानं म्हणाले, "आयला, कायच न्हाय दिसत!"

माइक माझ्या हातात चालूच होता. अख्खं मैदान असं हसलं की पंचांनी वेळ थांबवली.

पण तेवढ्यानं माणूस बदलला बघ. उठले ते वेगळेच गणराजभाऊ उठले. मॅटच्या डाव्या कोपऱ्याला लागून अगदी पुढं चार खुर्च्या होत्या आणि त्यांवर त्यांचे व्याही बसले होते. व्याह्यांना उठवलं, रंगू! लेकीच्या सासऱ्याला, भर मैदानात, हात जोडून, पण उठवलं. (त्या घरी आता वर्षभर काय चालेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. मसाल्यात त्यांना सूट देणार आहे.) मग तो लाल गालिच्याचा रॅम्प पहिल्यांदा आमच्यासाठी वापरला, आणि तेव्हा कळलं की तो शोभेसाठी फारच उभा केलाय. खुर्ची सुटली की थेट मॅटवर. चौघांनी मागून धरून, दीपेशनं पुढून पोट लावून, मला खाली आणलं. दादूही माझ्या खुर्चीची दांडी धरून खाली आले, म्हणाले पाय जवळून ऐकायचेत. आणि गणराजभाऊ स्वतः आमच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसले, दोन्ही हात पसरून. जो कुणी मधे उभा राहायचा त्याची पँट खेचून बसवायचे. एक मान्यवरही तसेच बसवले.

आणि मग मी तुझी पोर बघितली. तू म्हणतेस मोबाइलवर सगळं दिसतं. दिसत नाही ग. मोबाइलवर चढाई करणारी दिसते, कॅमेरा तिच्याच मागं असतो. कोपऱ्यात उभी असलेली पोर जवळ बसल्याशिवाय दिसत नाही. कल्पिता पकडीच्या आधी डाव्या हाताची बोटं मिटते, उघडते, मिटते. खालचा ओठ दातात धरते. आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते, अगदी तू तव्यावर भाकरी टाकताना पुटपुटतेस तसं. मी चाळीस वर्षं तुला विचारतेय काय पुटपुटतेस, तू सांगितलं नाहीस. आता पोरीला विचारीन. समोरच्या संघाची चढाईवाली उंच, लांब पायांची, सकाळपासून कुणाला न सापडलेली. आली, डावीकडे झुकली, पाय टाकला, आणि तुझ्या लेकीनं झेप घेऊन घोटा धरला. धरला तो धरला. ती उंच पोरगी ओढतेय, मध्यरेषा हातभर राहिलीये, कल्पिता मॅटवर आडवी, पण पकड सुटत नाही. दादू माझ्या कानाशी ओरडत होते, "सुटली न्हाय! सुटली न्हाय!" आणि शिट्टी झाली.

मी दोन्ही हात वर केले. नारळांचं मला भानच राहिलं नाही. सगळे नारळ मांडीवरून सुटले आणि गडगडत मॅटवर गेले. रंगू, नारळ मॅटवर आल्यास काय करावं हे कबड्डीच्या नियमात कुठंही नाही. दोन्ही पंच एकमेकांकडे बघायला लागले. एक नारळ मध्यरेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात गेला, त्याला बाद धरावं असं प्रेक्षकांतून कुणीतरी सुचवलं. गणराजभाऊ रांगत रांगत गोळा करायला लागले, दीपेश दुसऱ्या बाजूनं, आणि शेवटचा नारळ उचलून आणला तुझ्या कल्पितानं. अंगभर घाम, गुडघा सोललेला, तोंडभर हसू. माझ्या मांडीवर नारळ ठेवला, वाकून पाया पडली आणि पळाली. सामना त्यांनी जिंकला. अंतिम सामना येत्या रविवारी.

तर तू सोय विचारली होतीस. खरं सांगते. सोय वाईट आहे. रॅम्प चुकीच्या जागी, शौचालयाला कुलूप, समालोचनात कबड्डी नाही, आणि मान एवढा की माणूस गुदमरतो. तुझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. अशा ठिकाणी नव्या खुर्चीवरच्या बाईनं मुळीच येऊ नये. मी तुला आग्रह करणार नाही. घरी बस, साखर सांभाळ, कपडे खुर्चीवरून काढून दोरीवर घाल. मेथीचे लाडू पाठवते, त्यात गूळ नाही, चवही नाही.

तुझी लहान, म्हणून शहाणी,
सगुणा

ता. क. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात दीपेश येऊन गेला. माझ्या मताला मंडळात आता फार किंमत आली आहे. (स्टेजचा तेवढा फायदा झाला.) रॅम्प स्टेजपासून काढून मैदानाच्या फाटकाशी नेला, निम्म्यानं उतरता केला, फीत नाही. शौचालयाचं कुलूप काढून गणराजभाऊंनी स्वतःच्या गाडीत ठेवलं. दादूंच्या कानात आता एक वेगळा माणूस बोलणार आहे, आणि त्याला फक्त मॅटवरचं बोलायची शपथ घातली आहे. मॅटच्या डाव्या कोपऱ्याशी पांढऱ्या फक्कीनं आमच्यासाठी चौकोन आखलेत. एक माझा. त्याच्या शेजारच्यात कुणाचं नाव घालू, असं पोरानं विचारलं. मला काही सुचेना, म्हणून मी तुझं सांगितलं.

ता. क. नाव एकदा घातल्यावर पुसता येत नाही असं दिसतं. त्यामुळे रविवारी सकाळच्या फेरीबोटीनं दीपेश टेम्पो घेऊन आगरदांड्याला येतोय. मागं गादी टाकलीय, खुर्ची बांधायला दोर आहे. फेरीवर चढवायला मी बोटीवरच्या माणसांना सांगून ठेवलंय, ते तुला न विचारता उचलणार नाहीत. सत्कार होणार नाही असं मी गणराजभाऊंकडून देवळात नेऊन वदवून घेतलंय. तरी एक रिकामी पिशवी बरोबर असू दे.

ता. क. हे लिहायचं नव्हतं, पोरीनं सांगू नको म्हटलं होतं. नारळ मांडीवर ठेवताना ती वाकली तेव्हा कानात म्हणाली, "मावशे, आई आली तर इथंच बसंल ना? मंग नाणेफेक जिकली तर मी चढाई न्हाय घ्यायची, हीच बाजू मागन." कबड्डीत पहिली चढाई सोडून बाजू मागणारी कप्तान मी तरी बघितलेली नाही. तिचे मास्तर ओरडतील. ओरडू देत. पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे तुला मी सांगायला नको. ती पलीकडे जाईल, आणि आपण अलीकडे राहिलो तर उपयोग काय? तेव्हा मी असं ठरवलंय: मध्यंतराला तुझी खुर्ची मी ढकलणार, माझी खुर्ची दीपेश ढकलणार, आणि सगळी आगगाडी मॅटला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यात. वेळ पाच मिनिटंच मिळतो. ब्रेक आधीच काढून ठेव.